रुकय्या रेहाना या नावामागचे झाकिर साहेब

वाचकहो, डॉ. झाकिर हुसेन हे नाव तुम्हाला नवे नाही. भारताचे तिसरे राष्ट्रपती कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपले विद्यार्थी ते पाठ करतात. आपल्या संमेलनांतून आणि स्मरणिकांतून त्यांचे चरित्र अनेकदा येऊन गेले आहे. बहुधा ते राज्यपाल, उपराष्ट्रपती, भारतरत्न, राष्ट्रपती अशा पायऱ्या मोजत वर चढते. त्या पायऱ्या खऱ्याच आहेत. परंतु आज मला त्यांच्या आयुष्याची दुसरीच बाजू तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला आणि प्लेटोचे ‘रिपब्लिक’ उर्दूत आणणारा हा अर्थशास्त्रज्ञ मुलांसाठी शेळीच्या, कोंबडीच्या आणि कढईतून पळून गेलेल्या पुरीच्या गोष्टी लिहीत असे. आणि त्या गोष्टी स्वतःच्या नावाने न छापता रुकय्या रेहाना या नावाने छापत असे.

पालकसभेत हमखास निघणारा एक प्रश्न असा, की गोष्टीची पुस्तके वाचून मार्क मिळतात काय? खेळाच्या तासाला गणित घेतले तर बिघडले कोठे, असेही काही पालक विचारतात, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही शिक्षकही तो तास पुष्कळदा गणितालाच देऊन टाकतो. या प्रश्नाला झाकिर साहेबांनी व्याख्यानाने उत्तर दिले त्यापेक्षा आपल्या आयुष्याने अधिक दिले. म्हणून ते आयुष्य थोडे क्रमाने पाहू.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी आपला मराठवाडाही त्याच निजामी राज्यात होता. घराणे मूळचे आफ्रिदी पठाण, उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यात कायमगंज येथे स्थायिक झालेले. वडील फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादेस आले आणि तेथे त्यांनी चांगला जम बसविला. सात भावांत झाकिर तिसरे. १९०७ साली वडील वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. झाकिरला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथील हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन यांचा प्रभाव त्यांच्यावर जन्मभर राहिला. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि आई नाझनीन बेगमही गेल्या. चौदाव्या वर्षी आई नाही, वडील नाहीत, राहणे वसतिगृहात. पुढे हजारो मुलांचे वसतिगृह ज्यांना चालवावयाचे होते त्यांना वसतिगृहातील पोराचे मन कोणी शिकविण्याची गरज उरली नाही.

अलीगढच्या कॉलेजातील दिवस मी भराभर सांगतो. आधी डॉक्टर होण्याचा विचार होता. आजारपणामुळे तो सुटला. १९१५ साली शाहजहान बेगम यांच्याशी विवाह झाला. १९१८ मध्ये ते बी.ए. झाले. एम.ए. आणि कायद्याचा अभ्यास चालू असतानाच १९२० साली असहकाराची हाक आली. सरकारी अनुदानावरचे शिक्षण सोडा, असे गांधीजी आणि अलीबंधू सांगत होते. झाकिर तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि कॉलेजात थोडेफार शिकवीतही होते. ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथेच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. नुसते सोडून देणे सोपे असते. त्याच्या जागी काहीतरी उभारण्याचा हट्ट ज्या थोड्या विद्यार्थ्यांनी धरला त्यांत ते पुढे होते.

१९२२ साली ते जर्मनीला गेले. बर्लिनला प्रा. झोम्बार्ट यांच्या हाताखाली त्यांनी ब्रिटिश अमदानीतील हिंदी शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेतली. याच काळात बर्लिनच्या काव्यानी छापखान्यात गालिबचा दीवान छापला जात होता, तर झाकिर साहेब स्वतः टाइपाचे खिळे जुळवावयास बसले. हातांनी काम करण्याची ही गोडी ध्यानात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

पण बर्लिनहून त्यांनी पदवीखेरीज आणखी काही आणले. लहान मुलांचा विचार गंभीरपणे करणाऱ्या माणसांची तेथे शंभर वर्षांची परंपरा होती. ग्रिम बंधू हे मोठे भाषापंडित. त्यांनी आयाबायांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करून १८१२ साली पुस्तकात आणल्या आणि लोककथा हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाला. फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, तिला पुढे किंडरगार्टन हे नाव दिले, आणि चेंडू, ठोकळे, नळकांडी यांतून मूल जग कसे समजून घेते ते दाखविले. खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेला वेळ घालविण्याचे साधन नव्हे, तर त्या वयाचा तोच अभ्यास, असा त्याचा सिद्धान्त. आमच्या बी.एड.च्या नोट्समध्ये हे दोन ओळींत उरकते आणि परीक्षेनंतर विसरले जाते, हा भाग निराळा.

झाकिर साहेबांवर सर्वांत खोल ठसा उमटला तो केर्शेनस्टायनर यांचा. म्युनिक शहराच्या शाळांचे हे प्रमुख. त्यांनी शाळांतून सुतारशाळा, स्वयंपाकघर, बाग अशा गोष्टी आणल्या. त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाला साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यासाठी लाकडी घरटे करावयाचे आहे. लाकूड किती लागेल, भोक केवढे ठेवावे, तुकडे कोणत्या मापाचे कापावे, हे तो आधी मनाशी ठरवितो. मग कापतो, ठोकतो. शेवटी फटी राहिल्या की नाही हे त्याचे त्यालाच दिसते. मास्तरांनी छडी उगारण्याची गरज नाही आणि शाबासकीचीही नाही. चूक लाकडातच लिहिलेली असते. झाकिर साहेब पुढे जन्मभर हेच निरनिराळ्या प्रकारे मांडीत राहिले. काय करावयाचे ते ठरविणे, साधने शोधणे, प्रत्यक्ष करणे आणि केलेले पारखणे, या चारही गोष्टी असतील तरच ते काम शिक्षण होते. यांतली पहिली आणि शेवटची गोष्ट मुलाच्या हातून काढून घेतली की मागे उरते ती नुसती हमाली.

इकडे जामियाची स्थिती बिकट झाली होती. खिलाफतीची चळवळ ओसरली, पैसा आटला, संस्था बंद करावी असे बोलणे सुरू झाले. बर्लिनमध्ये झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तिघा मित्रांनी आपण परत येऊन जामियाची सेवा करू, असे कळविले. १९२५ मध्ये संस्था दिल्लीच्या करोलबागेत हलली होती. १९२६ च्या आरंभी झाकिर साहेब परतले आणि वयाच्या २९ व्या वर्षी शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. कुलगुरू हा शब्द मोठा आहे; संस्था होती भाड्याच्या घरांत. १९२७ च्या अखेरीस आधारस्तंभ हकीम अजमल खान वारले. मग १९२८ मध्ये शिक्षकांनीच एक संघ स्थापून प्रतिज्ञा घेतली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना १५० रुपयांहून अधिक घेणार नाही. प्रत्यक्षात हाती येई ते याहून पुष्कळ कमी, तेही वेळेवर नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अशा ओढगस्तीत कोणी शहाणा माणूस आधी काय सांभाळील? कॉलेजचे वर्ग. झाकिर साहेबांचे लक्ष मात्र प्राथमिक शाळेवर होते. अब्दुल गफ्फार मुधोली या निष्ठावान शिक्षकाच्या हाती ती शाळा होती, आणि तेथे प्रकल्प पद्धतीने शिकविणे सुरू झाले. मुलांची स्वतःची बँक होती, मुलांचे दुकान होते. मुले त्यांत खरे पैसे ठेवीत, खरा हिशेब लिहीत. व्याज म्हणजे काय हे फळ्यावर शिकण्याआधी ते आपल्या खात्यावर दिसे. दुकान-दुकान खेळणे हा आपल्या अंगणातील पोरांचा जुना खेळ. खडे म्हणजे साखर आणि झाडाची पाने म्हणजे नोटा. जामियाने तोच खेळ घेतला, त्याला खऱ्या तराजूवर बसविले, पण त्यातील गंमत काढून घेतली नाही. ही किमया साधी नाही. मोठी माणसे खेळात शिरली की बहुधा खेळ मरतो.

त्यांच्या शिस्तीची एक हकीकत तुम्ही ऐकली असेल. टोप्या स्वच्छ आणि बूट पुसलेले असावेत, असे वारंवार सांगूनही मुले ऐकेनात, तेव्हा एके दिवशी कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले, असे सांगतात. दुसऱ्या दिवसापासून बूट चमकू लागले.

मुलांसाठी जामियातून ‘पयामे तालीम’ नावाचे मासिक निघे. रुकय्या रेहाना हे नाव आले ते याच मासिकात. गोष्टी लिहिणारा कोण, हे मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. डॉक्टरेट लावलेले नाव छापले असते तर मुलांनी उपदेशाच्या भीतीने पान उलटले असते, असे मला वाटते. परंतु नाव निवडण्यामागे याहून मोठे कारण होते. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी गोष्टींविषयी. कढईतून पळालेल्या पुरीची गोष्ट घ्या. कढईतून उडी मारून पुरी गडगडत सुटते आणि वाटेत भेटेल त्याला हुलकावणी देते. लोककथांचे अभ्यासक जगभरच्या कथांना क्रमांक देतात. पळणाऱ्या धिरड्याची कथा त्यांच्या सूचीत २०२५ व्या क्रमांकावर आहे. नॉर्वेत ते धिरडे शेवटी डुकराच्या तोंडात जाते. रशियात पिठाचा गोळा पळतो, त्याला कोल्हा खातो. जर्मनीत सांगतात त्या एका रूपात मात्र धिरडे सर्वांना चकवून शेवटी दोन भुकेल्या पोरक्या मुलांच्या टोपलीत आपण होऊन उडी घेते. भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकविणारी आपली म्हातारी या घराण्यातली सख्खी नसली तरी दूरची नातेवाईक वाटते. झाकिर साहेबांनी धिरड्याची पुरी केली आणि तिला आपल्या घरची कढई दिली. मुलांना ती परदेशातून आली आहे याचा सुगावा लागत नाही. ससा-कासवाची शर्यतही त्यांनी नव्याने सांगितली. अजमेरला निघालेली कोंबडीही त्यांचीच.

परंतु त्यांची खरी कथा म्हणजे ‘अब्बू खाँ की बकरी’. तिचे मूळ फ्रेंच लेखक आल्फॉन्स दोदे यांच्या एका कथेत आहे. दोदे यांच्या १८६९ च्या पुस्तकात ती आली. तेथे सेगें नावाच्या गृहस्थाच्या शेळ्या एकामागून एक दावे तोडून डोंगरावर पळतात आणि लांडगा त्यांना खातो. शेवटची शेळी रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. दोदे ही कथा एका गरीब कवीला उद्देशून सांगतो. तो कवी चांगली नोकरी नाकारून स्वतंत्र राहू पाहत असतो. त्याला इशारा द्यावयाचा, की बाबा रे, रात्रभर लढशील, पण सकाळी लांडगा तुला खाईलच.

झाकिर साहेबांनी शेळी अलमोड्याच्या डोंगरात आणली आणि तिचे नाव चांदणी ठेवले. अब्बू खाँ तिच्यावर मनापासून प्रेम करतो, तिला चारापाणी घालतो आणि बांधून ठेवतो. तिला डोंगर खुणावतो. अब्बू खाँ तिला कोठडीत कोंडतो, तर ती खिडकीतून निसटते. एक दिवस ती मनसोक्त डोंगर भोगते. संध्याकाळी घराची हाक येते, लांडग्याचीही चाहूल लागते, आणि ती परत न फिरता शिंगे रोखून उभी राहते. रात्रभर लढते. लांडगा आपल्याहून बलवान आहे हे तिला ठाऊक आहे. तिला फक्त उजाडेपर्यंत टिकावयाचे असते. दूर मशिदीतून फजरची अजान ऐकू येते आणि अजान संपता संपता ती कोसळते. येथपर्यंत कथा बरीचशी मूळचीच आहे. पण झाकिर साहेब झाडावर काही पक्षी बसवितात. कोण जिंकले, याचा त्यांच्यात वाद होतो. बहुतेकांच्या मते लांडगा. एक म्हातारा पक्षी मात्र म्हणतो, चांदणी जिंकली. बस्स. लेखक निकाल देत नाही, कथा थांबते.

एवढ्या एका फांदीने इशाऱ्याची कथा उलटीपालटी झाली. नोकरी सोडू नको म्हणून सांगितलेली गोष्ट, सरकारी कॉलेज सोडून आलेल्या माणसाने गुलाम देशातील मुलांना सांगितली, तेव्हा तिचा अर्थ बदलणारच होता. मी ही गोष्ट सहावीच्या वर्गात सांगतो. दर वर्षी वर्गाचे दोन तट पडतात आणि तास संपल्यावरही भांडण मिटत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, की अब्बू खाँचे काय चुकले? तो तर तिला चारा घालीत होता. हा प्रश्न पालकांनी जरूर मनावर घ्यावा असा आहे.

काही पालक म्हणतील, लहान मुलांच्या गोष्टीत मरण कशाला? शेवट गोड करावा. झाकिर साहेबांनी तो केला नाही. मुलांच्या समजेविषयी त्यांना आदर होता, म्हणून त्यांनी मुलांशी लबाडी केली नाही. आणि मरण काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता त्या नावाकडे येतो. रेहाना ही त्यांची लहानगी मुलगी. एके दिवशी प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम होता आणि झाकिर साहेब स्वतः वाटीत होते. एका माणसाने येऊन त्यांच्या कानात सांगितले, की रेहाना गेली. त्यांचा चेहरा पालटला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाच्या हातावर मिठाई पडेपर्यंत ते उभे राहिले आणि मग घरी गेले. त्या वेळीच का निघाला नाहीत, असे नंतर लोकांनी विचारले, तेव्हा मुले इतकी आनंदात होती की त्यांचा आनंद मोडणे आपल्याला बरे वाटले नाही, अशा आशयाचे ते बोलले. त्यांच्या पत्नीकडून पुढे कळले, की कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींवर ज्या मुलीचे नाव छापले गेले, तिला स्वतः त्या वाचावयास मिळाल्या नाहीत.

१९३३ मध्ये गेर्डा फिलिप्सबोर्न ही ज्यू जर्मन बाई जामियात आली. बर्लिनमध्ये या तिघा मित्रांशी तिची ओळख झाली होती. तिने जामियाच्या लहान मुलांना आपले आयुष्य दिले. मुले तिला आपाजान म्हणत. १९४३ साली तिचा अंत जामियातच झाला आणि तेथील कब्रस्तानातच तिला दफन केले आहे. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या जागेची कोनशिला बसवावयाची होती. मोठमोठे पाहुणे मिळाले असते, पण कोनशिला बसविली जामियाच्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने. आपल्याकडे उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव आधी यावे यासाठी होणारी रस्सीखेच ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले मोल कळेल.

यानंतरचा प्रसंग आपल्या महाराष्ट्रातला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, आणि मुलांच्या मालाच्या विक्रीतून शक्य तो शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकिर साहेब बोलावयास उठले ते होकार भरण्यासाठी नव्हे. कामातून शिक्षण हे जगात नवे नाही, आणि सर्वच विषय टकळीतून शिकविता येणार नाहीत, असे त्यांनी गांधीजींसमोर स्पष्ट सांगितले. गांधीजींनी त्यांनाच समितीचे अध्यक्ष केले. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, के. टी. शाह अशी मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. हस्तोद्योगाची आर्थिक बाजू वाढून शिक्षणाची बाजू मार खाईल, हा धोका अहवालात आवर्जून नोंदविला आहे. पक्ष्याच्या घरट्यापासून सुरू झालेला विचार येथे कसोटीला लागला. मुलाचे सूत बाजारात विकले जाते की नाही यापेक्षा ते कातताना मुलाने डोके चालविले की नाही, हे त्यांना महत्त्वाचे होते.

येथे मला एक गोष्ट टोचते, ती लपवीत नाही. समितीच्या आखणीत शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, शारीरिक शिक्षणाला १० आणि सुटीला १०. ज्या माणसाने पुरीला कढईतून पळविले त्याच्या नावाने निघालेल्या वेळापत्रकात मुलाला पळावयास दहा मिनिटे! काम हेच मुलाला खेळाइतके प्रिय होईल, असा त्यांचा विश्वास असावा. चांगल्या शिक्षकाच्या हाती ते झालेही असते. पण योजना हजारो साध्या शिक्षकांच्या हाती जावयाची होती, आणि पुढे अनेक ठिकाणी टकळी फिरत राहिली व विचार थांबला. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गोष्ट, गाणे आणि नाट्य यांना शाळेच्या मध्यभागी बसविले होते. त्यातला थोडा अंश या वेळापत्रकात उतरता तर बरे झाले असते. १९३८ पासून झाकिर साहेब सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्ष होते. मुस्लिम लीगने या योजनेवर कडाडून टीका केली आणि तिचे घाव त्यांना स्वकीयांकडूनच सोसावे लागले.

१७ नोव्हेंबर १९४६ रोजी जामियाचा रौप्य महोत्सव झाला. देश दंगलींनी पेटलेला होता. व्यासपीठावर नेहरू, आझाद, राजाजी आणि जिना, लियाकत अली एकत्र बसलेले. असे दृश्य त्या दिवसांत अन्यत्र दिसणे कठीण होते. झाकिर साहेबांनी पाहुण्यांचे आभार मानता मानता त्यांना मुलांची आठवण दिली. कोवळ्या कळ्या उमलण्याआधीच चिरडल्या जात आहेत. आग कोणी लावली हे शोधीत बसण्याची ही वेळ नाही, ती आधी विझवा, अशी त्यांनी विनवणी केली. आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जात असताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांनाच घेरले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी मध्ये पडले म्हणून ते वाचले.

पुढचा काळ सर्वांना ठाऊक आहे. १९४८ ते १९५६ अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. एवढ्या मोठ्या पदांवरही त्यांचे छंद एखाद्या शाळकरी मुलाला शोभावे तसेच होते. तऱ्हेतऱ्हेचे दगड आणि जीवाश्म ते गोळा करीत. गुलाबांचे वेड तर प्रसिद्धच आहे. आपल्या मुलांच्या खिशातून निघालेले गारगोटीचे खडे फेकून देताना हे आठवावे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिभवनात त्यांचे देहावसान झाले. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. त्यांना दफन केले ते जामियाच्या आवारात. त्यांच्या गोष्टी उर्दूत आणि हिंदीत पुन्हापुन्हा छापल्या गेल्या, पाठ्यपुस्तकांतही आल्या. आता त्यांवर डॉ. झाकिर हुसेन असे नाव असते. ‘पयामे तालीम’च्या जुन्या अंकांत मात्र त्याच गोष्टींखाली रुकय्या रेहाना असे छापलेले आहे.